पाइप सोडू नकोस

आमची आई रविवारच्या मालिकेत राहायला गेली, तेव्हापासून अक्का गच्चीवर अँटेनाचा पाइप धरून उभी होती.

मालिका साधीच होती. एक निवृत्त मास्तर, त्यांची सून, शेजारपाजार. कुणी कुणावर ओरडत नसे आणि बातम्यांच्या आधी सगळं सुरळीत होत असे. एका संध्याकाळी आई दूध उतरवायला आमच्या स्वयंपाकघरात गेली आणि मास्तरांच्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. सुनेनं तिला पाट दिला. आई बसली आणि मटार सोलू लागली.

आम्ही वाट पाहिली. बातम्या लागल्या. आमचं दूध उतू गेलं.

आमच्या टीव्हीचं पहिल्यापासून असंच आहे. पाइपाला कुणाचा तरी हात लागलेला असला तरच चित्र स्वच्छ येतं. हात काढला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. हात नेहमी अक्काचा, कारण ती मोठी. मी खिडकीत उभा राहायचो. ती वरून विचारायची, आलं का, आणि मी सांगायचो, थोडं कोल्हापूरच्या अंगाला. त्यामुळे अक्कानं ती मालिका कधी पाहिली नाही आणि आई तिकडे गेल्यापासून तिनं आईलाही

*व्यत्यय*

शेजारच्या पोतदारकाकू अजून दर रविवारी घरच्यांसह सतरंजी घेऊन येतात. चित्र जरा थरथरलं की म्हणतात, तुझ्या अक्कानं आज एरंडेल घेतलंय का रे. बाकीचे हसतात. मी हसत नाही.

कारण एकदा अक्काचा अंबाडा सुटला. तो बांधायला तिनं हात काढला. मुंग्या आल्या, गेल्या, आणि चित्र परतलं तेव्हा आईच्या हातात बांगड्या नव्हत्या. मालिकेत कुणी तिला विचारलं नाही. पुढे कधीतरी अक्काला शिंक आली. त्या वेळी चित्र परतलं तेव्हा आई मटारची शेंग हातात धरून बसली होती. ती कशी उघडतात हे तिला आठवत नव्हतं. सुनेनं हळूच तिच्या हातातून शेंग घेतली आणि सोलून दाखवली. फार मायाळू मालिका आहे ती.

काकू म्हणाल्या, अक्काला सांगू नको, हादरली तर जास्त हलेल. मी सांगितलं नाही. खिडकीतून एवढंच ओरडायचो, सोडू नकोस.

मग इमारत वाढू लागली. दर रविवारी आमच्या आणि गच्चीच्या मध्ये एक मजला जास्त असतो. त्यात माणसंही राहायला आलेली असतात. माझा आवाज वर पोचेना म्हणून तीच माणसं जिन्यात उभी राहून निरोप पुढे देतात. अक्काचं आलं का खाली येईपर्यंत

*व्यत्यय*

काल रविवार होता. मालिकेच्या आधी मी भाकरी घेऊन वर गेलो. चढताना दिवेलागण झाली. अक्काला मी घास भरवायचो, तिचे हात मोकळे नसायचे. तिचे केस पांढरे झाले होते.

"आज तू धर, अरू," ती म्हणाली. "मी बघून येते."

"मला खिडकीत थांबावं लागतं."

"काकू थांबतील. त्यांना तरी काय काम आहे, टोमणे मारण्यावाचून?"

"हात बदलताना चित्र जाईल."

"गेलं तर गेलं. क्षणभरानं काय बिघडतंय?"

तेव्हा मी सांगितलं काय बिघडतं. बांगड्या सांगितल्या, शेंग सांगितली. अक्का पाइपाकडे बघत राहिली.

"माझं नाव घेते का ती?"

"घ्यायची. सुनेला सांगायची, माझी शालन वर उभी आहे."

"कधीपर्यंत?"

"तुला शिंक आली तोपर्यंत."

अक्कानं घास गिळला. मग म्हणाली, "आधी तुझा हात ठेव. मग मी काढते."

मी तिच्या हाताला लागून माझा हात पाइपावर ठेवला. तिनं एकेक बोट सोडवलं. पाइप गरम होता. ती जिना उतरू लागली. तिची पावलं बराच वेळ ऐकू येत राहिली, मग इतरांच्या पावलांत मिसळली.

गच्चीचा कठडा पूर्वी लांब असायचा. आता तो चारी बाजूंनी माझ्या कमरेला टेकला होता. मी दमलो असतो तरी बसता आलं नसतं. खालून शीर्षकगीताची सतार वाजली.

"आलं का?" मी ओरडलो.

प्रश्न मजल्यामजल्यानं खाली गेला. तिकडून काकूंचा निरोप अनोळखी आवाजांत वर येऊ लागला. शेवटी माझ्या पायाखालच्या मजल्यावरच्या बाईनं तो मला सांगितला.

"आलंय. आरशासारखं आहे. हलू नको म्हणाल्यात."

"अक्का पोचली का?"

हाही प्रश्न खाली गेला. मग ती बाई पुन्हा जिन्यात आली.

"पोचली म्हणे. आईला मटार सोलायला शिकवतेय."

मी पाइपावर दुसराही हात ठेवला. खाली कुठेतरी पोतदारकाकूंची माणसं हसली.

"विचारा," मी म्हणालो, "आई माझं नाव घेते का."

बाईनं ते खालच्याला सांगितलं, खालच्यानं त्याच्या खालच्याला. प्रश्न उतरत उतरत ऐकू येईनासा झाला. कोल्हापूरच्या अंगानं वारा सुटला, आणि माझ्या नाकात हुळहुळू लागलं.