दोन तासांवरचं सासर

माझा धाकटा भाऊ रंगनाथ. त्यानं विमान पाहिलं ते तिसगावच्या रानात उभं राहून, टोपी धरून, आभाळात. पन त्याच्या लेकीच्या, विजूच्या लग्नाच्या बोलनीत मध्यस्थ म्हनला, "पोरगा दिल्लीला साहेब हाय. विमानानं मुंबईला दोन तासांत येतो." झालं! भाऊ हुरळला. कर्जतचं शेतीवाडीचं चांगलं स्थळ मोडलं. का, तर कर्जतला जायला एस्टीनं अर्धा दीस मोडतो!

"आक्के, दिल्ली कर्जतापरीस जवळ हाय," म्हनायचा.

"अरं मुडद्या, विमान काय तिसगावच्या बाजारात उतरतंय?" मी म्हनलं. पन माझं ऐकतो कोन.

पोरगी गेली ती गेली. जावई मातर कंपनीच्या कामाला सारखा मुंबईला विमानानं येतोय. विजूला एकदा संगं आनंल तर शपथ.

तिला दिवस गेले. पयलं बाळंतपन माहेरी, ही रीत शेंबड्या पोरालाबी ठावी. "सातव्यात आनतो" म्हनता म्हनता आठवा लागला, मग "येतोय" एवढीच तार आली. भावजयीनं, गोजरनं, खोली सारवली, बाज आवळली, डिंकाचे लाडू बांधले. आन् नगराहून केलेल्या टॅक्सीतून जावई उतरला एकटाच. गोजर वाकून वाकून टॅक्सीत बघत हुती.

"आठव्यात विमानाला डॉक्टर नको म्हणाले," जावई म्हनला. "आणि आगगाडीत तिचे हाल होतील."

"मग सातव्यात का न्हाई आनली?" मी इचारलं.

"माझ्या जेवणाचे हाल झाले असते ना, आत्याबाई."

शी! मला त्याच्या तोंडाकडं बघवंना. तसाच पाटावर बसून वरपत हुता, विमानात कानात घालायला कापूस देत्यात म्हनून सांगत हुता. आन् आमचा येडा भाऊ इचारतोय, "किती उंच जातं हो?" पोटची पोर परमुलखात अवघडून बसलीया, आन् बापाला विमानाची उंची पायजे! दोघांचीबी किळस आली मला.

निघताना जावयानं डब्याकडं बोट केलं. "लाडू देताय ना? उद्या दुपारचं विमान आहे. दिवेलागणीला घरी. ताजे पोचतील."

लाडू विमानानं जानार, पोर न्हाई. वाटलं, डबा हिसकून घ्यावा. पन खानार कोन? आपलीच पोर.

गोजरनं डबा दिला. मग पदर सावरून म्हनली, "जावईबापू, मलाबी न्या संगं."

"तिकीट कंपनीचं असतं, मामी. एकट्याचं."

टॅक्सीचा धुरळा बसायच्या आत गोजर गाठोडं घेऊन भायेर आली. दोन लुगडी, ओवा, बाळंतशेपा.

"एस्टीनं नगर, तिथनं आगगाडीनं मनमाड, मनमाडला गाडी बदलायची," ती म्हनली. "मास्तरीनबाईनं सांगितलंय."

रंगनाथ दारात आडवा झाला. "अगं, खूळ लागलं का? दिल्ली किती लांब हाय! दोन दीस, दोन राती लागत्यात!"

गोजरनं गाठोडं काखंत मारलं. लगीन झाल्यापासनं नवऱ्याला उलट बोलली नव्हती.

"तुमाला आज कळलं व्हय?" म्हनली, आन् त्याला हातानं बाजूला सारून एस्टीच्या वाटंला लागली. मीबी पायात वहाना सरकवल्या. दोघी असलो म्हंजी वाट सरती.