शंभरावा दिवस आणि आठ हात

किनुएमावशींचा नवस तसा साधाच होता: शंभर दिवस आवाज चढवायचा नाही. भाची सुझुहाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, त्या दिवशी त्यांनी बाजारातल्या जिझो देवाच्या पायाशी तो बोलला होता. रोज पहाटे देवाला पाणी, भाताची मूद आणि एक उदबत्ती. नव्याण्णव दिवस निभावले, पोरीचा आवाजही परत आला. आज सूर्य मावळला की नवस फिटणार. त्याआधी एक शब्द जरी चढला, तर तिचा गळा पुन्हा बसणार, याबद्दल मावशींना तिळमात्र शंका नव्हती.

आणि नेमका आजच चमचम त्रिकुटाचा कार्यक्रम होता.

सुझुहा, रिंको आणि मायुका. तिघी आधी गायच्या, मग गावावर चालून आलेल्या राक्षसाला बडवायच्या आणि शेवटी चाहत्यांशी हात मिळवायच्या. एका तिकिटाला तीन सेकंद. ते संपले की चाहत्याला खांद्याला धरून पोरींच्या हातापासून अलगद सोलून बाजूला काढायचं, हे मावशींचं काम. आज मात्र बंदरावरचा हॉल पाचपर्यंतच मिळाला होता, म्हणून हात आधी आणि मारामारी नंतर.

रांगेत चौथ्या नंबरावर राक्षसच उभा होता.

“तुम्ही तीन वाजता गाव बुडवणार होतात ना?” मावशींनी हळूच विचारलं. “तसं पत्र आलं होतं तुमचं.”

“बुडवणार आहे,” तो ओशाळून म्हणाला. “आधी हात मिळवतो. तिकिटं आहेत माझ्याकडे.”

आठ हात, प्रत्येकात एक तिकीट.

मॅनेजर कुरोइवा घाम पुसत आला. “किनुएबाई, याला एकदाच सोडा हं! माणूस एक, पाळी एक.”

“मी माणूस नाही,” राक्षस म्हणाला.

कुरोइवाने तिकिटं मोजली; आठही खरी होती. मग तो आणखी सात वेळा रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहिला, आणि मावशी त्याला दर वेळी सोलत राहिल्या. मागे रिंको-मायुकाचं निराळंच चाललं होतं.

“लढताना आज मधे मी!”

“मागच्या राक्षसाला तूच होतीस मधे!”

“तो काय राक्षस होता? गोगलगाय होती ती!”

मावशींनी दात असे आवळले की दाढ दुखायला लागली.

राक्षसाचा आठवा हात सुझुहाच्या हातात आला. एक. दोन. तीन. तो सोडेना. बाहेर गावच्या भोंग्यावर पाचची धून वाजली.

“नाही सोडणार,” तो रडवेला झाला. “हात सोडला की गाव बुडवायला लागेल. मग ही मला बडवणार. मग पुन्हा कशाला हात देईल?”

“अरे, मग बुडवू नकोस ना!” सुझुहा कळवळली.

“पत्र पाठवलंय!”

एकच गलका झाला. रिंको पोझ घेऊन किंचाळत होती, मायुका तिला ढकलून किंचाळत होती. कुरोइवा कर्ण्यातून ओरडला, “बाई, ओरडा की त्याच्यावर! देव्हाऱ्यासमोर बसल्यासारख्या काय उभ्या आहात?”

नव्याण्णव दिवसांचं सगळं मावशींच्या घशाशी आलं. त्यांनी ते तसंच गिळलं आणि राक्षसाचा खांदा शोधला. खांदाच नव्हता. मग मान असावी अशा जागी त्यांनी तळवा ठेवला.

“वेळ संपला हो. पुढे चला. मागे माणसं उभी आहेत.”

राक्षसाने वळून पाहिलं. मागे सगळ्यांत शेवटी आलेले एक म्हातारे आजोबा तिकीट धरून ताटकळत होते.

“माफ करा, आजोबा,” असं म्हणून त्याने हात सोडला, कमरेत वाकून नमस्कार केला आणि बाहेरच्या दाराने निघाला. तिकिटं संपल्यावर आत यायचं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. पत्रातली तीनची वेळही टळून गेली होती, म्हणून धक्क्यावरून तो मुकाट समुद्रात उतरला.

“आणि आमची मारामारी?” रिंको फणकारली. “केस उगीच बांधले!”

“किनुएबाई,” कुरोइवाचे डोळे चमकले, “पुढच्या वेळी तुम्हीच मधे उभ्या राहा. पोरींसारखा तुम्हालाही पोशाखाचा रंग मिळेल, तपकिरी.”

“मावशी मधे?” रिंको आणि मायुका आयुष्यात पहिल्यांदा एका सुरात ओरडल्या.

“मावशी, तू तरी बोल ना काहीतरी!” सुझुहा म्हणाली. आवाज खणखणीत.

बंदराच्या भिंतीवर सूर्य बोटभर उरला होता. मावशींनी खुर्ची ओढून खिडकीशी घेतली आणि पश्चिमेकडे तोंड करून बसल्या.

“बोलते,” त्या हळूच म्हणाल्या. “एवढा बुडू दे. कुणी घरी जायचं नाही.”