उलटा दिलरुबा

दस्तगीर मिस्त्रींनी तोंडाला कुलूप घातलं, त्याला आज चाळीस दिवस झाले होते. म्हणजे बोलणं बंद होतं अशातला भाग नाही. चहात साखर कमी पडली तर बोलायचे. गल्लीतल्या बकरीनं उंबऱ्याशी घाण केली तर अर्ध्या मिरजेला ऐकू जाईल एवढं बोलायचे. बोलायचं नव्हतं ते एकाच गोष्टीबद्दल. समोर ओसरीवर त्यांचा मुलगा नियाज जो दिलरुबा, तारांवर गज घासून वाजवायचं वाद्य, घडवत बसला होता, त्याबद्दल.

"ह्या कामात माझा एक शब्द निघायचा न्हाई," असं त्यांनी बायकोला, खातूनबीला, ठणकावून सांगितलं होतं. आणि हा माणूस एकदा हट्टाला पेटला की स्वतःचंसुद्धा ऐकत नसे.

झालं होतं असं. पाटणकडच्या खेड्यातली अंजना नावाची बाई तीन एस.टी. बदलून एकटीच मिरजेला आली. विचारत विचारत ह्यांच्या गल्लीत पोचली, ओसरीच्या पायरीवर टेकली आणि पाणी पिऊन झाल्यावर एका दमात सगळं बोलली. तिचा नवरा जोतीराम फौजेत होता. गावच्या भजनात लहानपणापासून दिलरुबा वाजवायचा. एकाहत्तरच्या लढाईत डाव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. घरी आला आणि दिलरुबा उचलून माळ्यावर टाकला.

"माणूस बोलत न्हाई ओ चाचा. देवळात भजन लागलं की उठून मळ्याकडं जातो. उजवा हात धड हाय त्येंचा. उजव्या हातानं पडद्यांवर बोटं फिरवायची आन् डाव्यात गज धरायचा, आसा उलटा दिलरुबा तुमी कराल का?"

दस्तगीर मिस्त्री हो म्हणणार होते. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढं लोकांनी भलतंच उठवलं. म्हणे म्हाताऱ्यानं उलटं वाद्य अपशकुनी मानलं. साफ खोटं! म्हातारा हो म्हणायला तोंड उघडतच होता, तेवढ्यात नियाज आतून म्हणाला, "मी करतो, वैनी. आमच्या अब्बांचा हात आता उलटा वळायचा न्हाई."

परक्या गिऱ्हाइकासमोर! ज्या हातानं चाळीस वर्षं सतारी, तंबोरे, दिलरुबे घडवले, ज्या हातानं ह्याच पोराच्या हातात पहिली पटाशी दिली, तो हात म्हणे वळायचा नाही. मिस्त्रींच्या काळजात कळ उठली. ते पानाची चंची घेऊन उठले आणि आतल्या खोलीच्या दाराशी असलेल्या बाजेवर जाऊन बसले. तिथून ओसरीवरचं सगळं दिसत होतं, ही गोष्ट वेगळी.

अंजना जाताना सांगून गेली, "सहा आठवड्यांनी, बेस्तरवारी, हितल्या दवाखान्यात त्येंचा हात दाखवायचाय. तेवढ्यासाठीच घर सोडत्यात. त्याच दिशी हिकडं घिऊन येते. एकदा न्हाई म्हणलं ना, तर पुना मिरजेचं नाव काडायचे न्हाईत."

तो गुरुवार आता परवावर आला होता.

चाळीस दिवस मिस्त्री बाजेवरून बघत होते. नियाजनं तुनाच्या लाकडाचा ठोकळा निवडला तेव्हा मनात म्हणाले, बरा निवडला. त्यानं पोट कोरलं, कडा पातळ केल्या, बोटाच्या पेरानं टकटक वाजवून अंदाज घेतला, तेव्हा ह्यांचाही कान नकळत तिकडं वळला. लाकूड चांगलं बोलत होतं. पोटावर बकऱ्याचं कातडं ताणून बसवलं तेव्हा एक सुरकुती नाही. पोरगं शिकलं होतं. त्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असता, पण ते वाक्य मध्ये येऊन बसायचं. वळायचा न्हाई म्हणे!

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला नियाजनं दांडी मांडीवर घेतली आणि कानामागची पेन्सिल काढली. आता तरफेच्या खुंट्यांची भोकं पाडायची होती. दिलरुब्यात मुख्य तारांच्या खाली बारीक तारा असतात, वरची वाजली की आपोआप घुमणाऱ्या, त्या तरफा. त्यांच्या खुंट्या दांडीच्या एकाच बाजूला, ओळीनं असतात. ज्या बाजूनं वाजवणाऱ्याचा हात फिरतो तिकडं त्या असून चालत नाही, हात अडखळतो. म्हणजे उलट्या दिलरुब्यात त्या उलट्या बाजूला हव्यात.

नियाजनं पट्टी लावली. एक खूण केली. दुसरी केली.

मिस्त्री पान लावत होते, ते थांबले.

खुणा नेहमीच्या बाजूला पडत होत्या.

पोरगं चाळीस दिवस सावध राहिलं होतं. समोरच्या भिंतीवर खडूनं बाण काढून ठेवला होता, की बाजू विसरू नये. पण आज डोकं परवाच्या गुरुवारात होतं आणि हात आपल्या सवयीनं चालला होता. आठव्या वर्षापासून ज्या बाजूला खुणा केल्या त्याच बाजूला करत होता. तिसरी. चौथी. पाचवी.

आता सांगतो, असं मिस्त्रींच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं. सांगू कशाला? तो म्हणणार, तुमचा एक शब्द निघायचा नव्हता ना! आणि हसणार. कुणाचा हात वळतो आणि कुणाचा नाही, ते कळू दे की एकदा त्याला.

अकरा खुणा झाल्या. नियाजनं पट्टी खाली ठेवली, भोकं पाडायच्या सामत्याचं टोक बघितलं, तोंड वाकडं केलं. "धार गेलीया. पाजळून आणतो," असं आत खातूनबीला ओरडून सांगितलं आणि सामता घेऊन परसात गेला.

ओसरी रिकामी झाली. दांडी गोणपाटावर एकटी पडली होती.

मिस्त्री उठले. खरंच उठले. चार पावलं टाकून दांडीपाशी गेले. पेन्सिलीच्याच खुणा त्या, थुंकी लावून अंगठा फिरवला असता तर दहा मोजायच्या आत साफ. नियाज आला असता, खुणा दिसल्या नसत्या, चमकला असता, भिंतीवरच्या बाणाकडं बघितलं असतं आणि सगळं जागच्या जागी आलं असतं. मिस्त्रींनी अंगठा ओला केलासुद्धा.

पण मग त्याला कळलं असतं, की म्हातारा चाळीस दिवस टक लावून बघतोय.

परसात दगडावर पोलाद घासल्याचा आवाज थांबला. मिस्त्री झटकन वळले आणि बाजेवर जाऊन बसले. ओला अंगठा त्यांनी धोतराला पुसला.

खातूनबी चहा घेऊन आली. नवऱ्याच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "आवं, काय झालं? घाम का फुटलाय?"

"काय न्हाई. उकडतंय."

नियाज बसला. दांडी गुडघ्यांत धरली, पहिल्या खुणेवर टोक टेकवलं आणि सामत्याची दोरी ओढली. भुसा उडाला. पहिलं भोक आरपार.

मिस्त्रींनी हातातली बशी खाली ठेवली. त्यांनी मनात म्हटलं, एकच आहे, एक बुजवता येतं. मग दुसरं झालं. दोनही बुजतील. तिसऱ्याला त्यांना ती बाई आठवली, पायरीवर बसून पदरानं तोंड पुसणारी. तीन एस.टी. बदलून आलेली. चौथं पडताना त्यांनी डोळे मिटून घेतले, पण आवाज काही मिटला नाही. जित्या लाकडात चुकीच्या जागी पोलाद शिरताना ऐकायचं आणि गप्प बसायचं, हे चाळीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याच्या कारखान्यातही केलं नव्हतं. पाचव्याला दोरी ओढली गेली आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघालं,

"थांब रं! थांब! बाजू चुकली!"

नियाजचा हात थांबला. त्यानं दांडीकडं बघितलं, मग भिंतीवरच्या बाणाकडं, मग पुन्हा दांडीकडं. चेहरा पांढराफटक पडला. पाच भोकं. त्यानं एकेका भोकात बोट घालून बघितलं, जणू ती खरी आहेत का ते तपासत होता. मग हळूच मान वर केली.

"तुमाला कवा दिसलं, अब्बा?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. जीभ तिकडं वळलीही होती.

"पेन्सिल लावलीस तवा," मिस्त्री म्हणाले.

नियाजनं आरडाओरडा केला असता तर मिस्त्रींनी दुप्पट केला असता, ती सवय होती दोघांना. त्यानं सामता गोणपाटावर नीट ठेवला, चपला घातल्या आणि दारातून बाहेर पडला. खातूनबी कपबशा तशाच सोडून नवऱ्याकडं बघत राहिली.

"तुमी बघत हुता?" ती म्हणाली. "बघत हुता आन् गप बसला? आवं, दुश्मनाच्या पोराला तरी कुणी आसं करतं का?"

मिस्त्रींना लाज वाटली. वाईट वाटलं म्हणत नाही, लाज वाटली. सत्तरीला टेकल्यावर बायकोसमोर मान खाली घालायची पाळी यावी, अशी लाज. ते उठून गोणपाटावर बसले.

त्याच तुनाच्या तुकड्यातून त्यांनी पाच बारीक मेखा काढल्या, सरसात बुडवून भोकांत ठोकल्या, वर आलेलं पातळ करवतीनं कापलं आणि काचेच्या तुकड्यानं खरवडून सपाट केलं. हे काम डोळे मिटून येत होतं. मग दांडी फिरवली, पट्टी लावली आणि दुसऱ्या बाजूला खूण करायला हात नेला, तर हात भलतीकडंच गेला. त्यांनी तो मागं घेतला. पुन्हा नेला. पुन्हा जुन्याच बाजूला. तिसऱ्यांदा पेन्सिल टेकली ती मेखेवरच.

वळत नव्हता. पोरगं खरं बोललं होतं.

"खातून," त्यांनी हाक मारली. "हितं बस. मी चुकलो की बोल. दर वक्ताला बोल."

ती समोर बसली. "हिकडं न्हवं. तिकडं," ती म्हणायची, आणि मिस्त्री मुकाट्यानं हात हलवायचे. बुधवारी दुपारपर्यंत दोघांनी मिळून अकरा खुणा केल्या आणि चार भोकं पाडली. पाचव्याला सावली पडली म्हणून वर बघितलं तर नियाज उभा. त्यानं बापाच्या हातातून सामता काढून घेतला आणि बसला. काल बाहेर पडल्यापासून तो बापाशी शब्दही बोलला नव्हता, आताही बोलला नाही. मिस्त्री मात्र बोलत राहिले. सरळ धर, दोरी ढिली सोड, आता पुढची, तिकडच्या बाजूला. उत्तर आलं नाही तरी बोलत राहिले. गुरुवारी सकाळी तारा चढल्या.

दुपारी अंजना नवऱ्याला घेऊन आली. उंच, वाळलेला माणूस. डावा हात खिशात. त्याला बायकोनं काही सांगितलं नसावं, कारण ओसरीवरचा दिलरुबा बघून तो पायरीवरच थबकला आणि त्यानं बायकोकडं असं बघितलं, की तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"चल माघारी," तो म्हणाला.

"एकदा हातात तर घ्या," अंजना म्हणाली. "मी पाया पडते."

जोतीराम ओसरीवर चढला. मग बसला, उजव्या हातानं दिलरुबा जवळ ओढला आणि दांडीवरून हात फिरवला. बोटं मेखांवर येऊन थांबली. पाच गोल ठिपके, एका ओळीत. फौजेतला माणूस तो. नजरेतून काही सुटत नव्हतं.

"हे काय?"

नियाज मान वर न करता म्हणाला, "लाकडात गाठी हुत्या. काडून टाकल्या."

पोरगं बापाला झाकत होतं. दोन दिवस न बोलणारं पोरगं. पुन्हा तीच जागा होती; गप्प बसलं की भागत होतं. अंजना बघत होती, खातूनबी दाराआडून बघत होती.

"गाठी न्हाईत," मिस्त्री म्हणाले. "चुकीच्या बाजूला भोकं पडली. पोराची चूक न्हाई. त्येचा हात सवयीनं गेला. मला दिसत हुतं. हितं, ह्या बाजंवर बसून बघत हुतो, आन् बोललो न्हाई. पाच भोकं पडूस्तवर बोललो न्हाई. तुमच्या वाद्यावरचे हे डाग माझं हायती."

जोतीरामनं त्यांच्याकडं बघितलं. नजर कडक होती. आता हा उठून जाणार, असं सगळ्यांना वाटलं. अंजनानं तर डोळेच मिटले.

त्यानं खिशातून डावा हात काढला. नियाजनं गजाला चामड्याचा पट्टा लावला होता, त्यात तो हात कसाबसा अडकवला. उजव्या हाताची बोटं पडद्यांवर ठेवली. ती नवखी होती, कुठं जायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. गज तारेवर घासला आणि असा काही आवाज निघाला, की गल्लीतली बकरी ओरडली. जोतीरामचा चेहरा ताठ झाला. कपाळावरची शीर उठली. पण त्यानं गज सोडला नाही.

"चाचा," तो म्हणाला. दीड वर्षात त्यानं परक्या माणसाला मारलेली ही पहिलीच हाक असावी, कारण अंजनानं खाडकन डोळे उघडले. "मी पुना लावतो. चुकलो तर बोला. आता गप बसायचं न्हाई."

त्यानं पुन्हा सा लावला. लांबलचक, थरथरता, जागेवरून घसरलेला सा.

मिस्त्रींचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. कालपासून अखंड बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी मुलाकडं बघितलं. नियाज पटाशी पुसत होता. पुसता पुसता, खालच्या मानेनंच, तो म्हणाला, "सांगा की, अब्बा."

"उतरलाय दादा," मिस्त्री म्हणाले. "लय उतरलाय. सूर जरा चढवा."