स्क्रूला हात लावायचा नाही

मैदानावरच्या तपासणीच्या टेबलाशी दादाने माझ्या विमानात बोट घातलं, सर्वो दाबून पाहिला आणि म्हणाला, "हलतोय. घट्ट कर, नाहीतर सही मिळणार नाही."

दादा माझा सख्खा थोरला भाऊ आणि आमच्या मॉडेल विमानांच्या क्लबचा तपासनीस. त्याच्या सहीशिवाय इथे कागदी विमानसुद्धा उडत नाही. सर्वो म्हणजे काडेपेटीएवढी मोटर. रिमोटवरून हुकूम दिला की ती शेपटीची पट्टी हलवते. ती बंद पडली की खाली उभं राहून कितीही खटपट करा, विमान वाटेल तिथे जातं.

तर तो हलत होता, कारण मी तो हलेल असाच बसवला होता. इंजिनाची थरथर पोचू नये म्हणून सर्वोच्या चारही कानांत, म्हणजे स्क्रूच्या भोकांत, रबराच्या चकत्या असतात आणि चकतीत पितळेची इवलीशी नळी. नळी खालून घालायची, स्क्रू वरून. स्क्रू नळीवर टेकला की थांबायचं, रबर चिरडायचं नाही. मी दातांच्या कवळ्या बनवते. किती घट्ट म्हणजे फार घट्ट, हे मला लोकांच्या हिरड्यांनी बावीस वर्षं शिकवलंय. दादा मात्र त्या नळ्या फेकूनच देतो. "नुसती शोभा," म्हणतो, आणि रबर पार सपाट होईपर्यंत स्क्रू पिळतो.

मागच्या वर्षी माझ्या विमानातही त्याने तेच केलं होतं, याच टेबलावर, आणि मी मुकाट्याने बघत राहिले. चौथ्या मिनिटाला शेपूट ऐकेनाशी झाली आणि पाच महिन्यांची मेहनत कुंपणापलीकडे मातीत गेली. "बाईमाणूस, घाबरली असेल," हे क्लबभर झालं. दादाही मान डोलवत होता. घरी मी तो सर्वो उघडला, तर थरथरीने आतला भाग खरवडून निघालेला. दादाला दाखवला तेव्हा म्हणाला, "झालं गेलं, सोड आता." मी सोडलं. त्याचा मला अजून राग येतो, दादापेक्षा स्वतःचा जास्त.

आज त्याने पुन्हा पेचकस उचलला.

"स्क्रूला हात लावायचा नाही," मी म्हटलं.

रांगेतले सात-आठ जण वळून बघू लागले. दादा हसला. "अगं, तीस वर्षं करतोय मी हे."

"तीस वर्षं चुकीचं करतोयस. बोट ठेव इथे."

मी इंजिन चालू केलं, रांगेतल्या एकाने शेपूट धरली. दादाने आठ्या घालत सर्वोवर बोट ठेवलं. "थरथर नाहीये फारशी. बरं, मग?"

इंजिन बंद करून मी शेजारच्या त्याच्या विमानाकडे बोट दाखवलं. "आता तुझ्यात."

सगळे बघत होते, त्याला नाही म्हणता येईना. त्याचं इंजिन सुरू झालं. त्याने बोट ठेवलं आणि झिणझिण्या येताच काढून घेतलं. मग कुणाकडेही न बघता माझ्या कागदावर सही केली आणि तो माझ्यापुढे सरकवला.

"बाकीचं घरी बोलू," तो हळूच म्हणाला.

"विमान घरी पडलं नव्हतं, दादा. सगळ्यांसमोर पडलं होतं."

कागद उचलला असता तर पाच मिनिटांत मी विमान हवेत नेलं असतं. मी तो तसाच राहू दिला आणि हात खिशात घातले.

"सही दिली ना? पुरे की आता."

"नाही पुरे."

तो रांगेकडे वळला. मग म्हणाला, "मागच्या वर्षी हिचं विमान पडलं, ते हिच्यामुळे नाही. स्क्रू मी पिळले होते."

मला वाटलं होतं, आता त्याची कीव येईल. आली नाही.

"जरा मोठ्याने," मी म्हटलं. "मागच्यांना ऐकू नाही आलं."