सगळ्या गाड्या पास

वालीवच्या नाक्यावर माझं पीयूसी सेंटर आहे. गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालायची, धूर मोजायचा आणि सर्टिफिकेट द्यायचं, एवढंच काम. मी मात्र फोटो गिऱ्हाइकाच्या नंबरप्लेटचा काढायचो आणि नळी घालायचो शेजारी उभ्या असलेल्या माझ्याच नव्या गाडीत. सगळ्या गाड्या पास. गिऱ्हाईक खूश, मीही खूश. सगळेच करतात, मग मला एकट्याला कसली लाज?

आमची आर्या सात वर्षांची. तिच्या शाळेसमोरून हायवेची वाहतूक वळवली आणि दोन महिन्यांत पोरीला दम्याचा पंप लागला. माझ्या बायकोनं, सुनंदानं, तिला घरी बसवलं आणि वाहतूक हटवा म्हणून दारोदार सह्या गोळा केल्या. शेवटी एकदाची सुनावणी लागली. सेंटरवाला म्हणून मलाही बोलावणं आलं.

तिथे प्रदूषण मंडळाच्या तेजस्वी मॅडम होत्या. रस्त्यावरून किती गाड्या जातात आणि एकेक गाडी किती धूर सोडते, यावरून हवेचा अंदाज सांगणारं मॉडेल त्यांनी कॉम्प्युटरवर बनवलं होतं. धुराचे आकडे आसपासच्या सेंटरांचे, सगळ्यांत जास्त माझे. मॉडेल म्हणत होतं, हवा ठीक आहे. शाळेच्या भिंतीवर लावलेलं हवा मोजायचं यंत्र मात्र तिप्पट घाण दाखवत होतं.

"एवढा फरक कसा?" सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"यंत्रात बिघाड असू शकतो, सर. मॉडेलमागे हजारो गाड्यांच्या तपासण्या आहेत." मॅडम माझ्याकडे वळल्या. "हरेश्वरभाऊ, तुमचे आकडे खरे आहेत ना?"

खरं बोललो असतो तर सेंटरला टाळं आणि मी आत. आर्या आईच्या मांडीवर डोकं टेकून बसली होती. तिची छाती भात्यासारखी हलत होती.

"हो," मी म्हणालो. "एकेक गाडी स्वतः तपासलीय."

साहेबांनी यंत्राचा कागद बाजूला सारला. वाहतूक आहे तिथेच राहणार. आता सुनंदा चिडेल, रडेल, म्हणून मी मान वर करायला घाबरत होतो. पण बाहेर आल्यावर ती कित्येक दिवसांनी हसली.

"दुसरं कोणी बोललं असतं तर माझा विश्वास बसला नसता," ती म्हणाली. "तुम्हीच सांगताय म्हणजे हवा चांगलीच असणार. हिच्या दम्याचं दुसरंच काही कारण असेल, मीच उगाच घाबरले. उद्यापासून पाठवते हिला शाळेत."

मी बरं म्हणालो.