सासूबाईंचा गिअरबॉक्स

गिऱ्हाइकांवर ओरडल्याशिवाय माझा गिअरबॉक्स दुरुस्तीचा धंदा चालत नाही. कुणी म्हणालं, "गाडी आपोआप बिघडली," की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अरे, ऑटोमॅटिक गाडी गिअर आपोआप बदलते, बिघडत आपोआप नाही! हे मी डॉक्टरला ऐकवलंय, वकिलाला ऐकवलंय, एका पोलिसालाही ऐकवलंय, फक्त जरा हळू आवाजात. पण सासूबाईंची गाडी गॅरेजात शिरली की मी मूग गिळून उभा राहतो. जावई सासूवर ओरडला, तरी त्याला संध्याकाळी घरीही जायचं असतं.

"जावईबापू, इंजिन नुसतं बोंबलतं, पण गाडी पुढे सरकत नाही," सासूबाई म्हणाल्या. "चढावर तर जीव काढते. आणि वास येतो हो. इस्त्री कापडावर विसरल्यावर येतो ना, तसा."

सासूबाईंचं घराला लागूनच शिवणकामाचं दुकान आहे. त्यामुळे जगातली सगळी दुखणी त्यांना कापडातच दिसतात. पण इंजिन ओरडतं, गाडी सरकत नाही आणि जळका वास येतो, ही तक्रार माझ्या ओळखीची होती. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मरायला टेकला की असाच वागतो.

आणि तो मरून चालणार नव्हतं. गाडी मूळची माझ्या मेव्हण्यांची, म्हणजे दादांची. त्यांनी नवी घेतली आणि ही गेल्या वर्षी आईला दिली. सासूबाईंची जुनी क्लचवाली गाडी तेव्हा भंगारात गेली. त्यांचं घर गावाबाहेर टेकडीवर. कापड आणायचं, शिवलेले कपडे पोचवायचे, सगळं गाडीवर. दादांनी स्पष्टच सांगून ठेवलं होतं, "गिअरबॉक्स गेला तर गाडीवर खर्च करायचा नाही. दुकान बंद, घर बंद, आई माझ्याकडे." दादांचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. तिथे खालच्या लोकांना खुर्ची सरकवलेली खपत नाही, शिवणयंत्र कुठलं खपायला?

मी इंजिन चालू ठेवून तेलाची पट्टी बाहेर काढली आणि पांढऱ्या फडक्यावर टेकवली. गिअरबॉक्सचं तेल लालचुटुक असायला हवं. हे काळपट तपकिरी होतं, आणि नाकाजवळ नेलं तर करपलेलं. मी मनातल्या मनात सासूबाईंचं सामान बांधायला घेतलं.

मग गिअरबॉक्सच्या खालचं तेलाचं तबक उघडलं. त्यात एक लोहचुंबक असतं; आतल्या चकत्या झिजून तुटायला लागल्या की त्याला धातूचे कपचे चिकटतात. इथे कपचे नव्हते. नुसती मऊ, राखाडी साय. म्हणजे तेल म्हणतंय गिअरबॉक्स गेला, चुंबक म्हणतंय ठणठणीत आहे. घ्या! मी तेल बदललं, फिल्टर बदलला आणि गाडी स्वतः चढावर नेली. लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मी खुशीत किल्ली परत दिली.

आठवडाभरात सासूबाई परत हजर. "तस्संच."

मी परत चालवली. काही नाही. परत दिली. परत तस्संच. नवं तेलही काळवंडलं. आता मला रात्री झोप लागेना. बायको खनपटीला बसली, "अहो, सगळ्या गावाचे गिअरबॉक्स दुरुस्त करता, माझ्या आईचाच कसा होत नाही?"

सासूबाईंचा वेगळाच निष्कर्ष होता. "गाडी तुम्हाला घाबरते, जावईबापू. तुम्ही बसलात की शहाण्यासारखी वागते. माझं मात्र कुणी ऐकत नाही. मागचे लोकसुद्धा उगाच हॉर्न मारत असतात."

शेवटी दादांचा फोन आला. "मी बुधवारी येतोय. काय तो निकाल सांगा. दहा वर्षं चालवली मी ती गाडी, एकदा कुरकुरली नाही. वय झालं तिचं." वय कुणाचं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बुधवारी सकाळी मी हात टेकले. "आई," मी म्हटलं, "आज तुम्हीच चालवा. मी शेजारी बसतो."

सासूबाईंनी सीट पुढे ओढली, आरसा पुसला आणि गाडी रस्त्यावर काढली. इंजिन बोंबलायला लागलं. गाडी मात्र गोगलगाय. मागून हॉर्न. चढ लागला आणि तो इस्त्रीचा वास आला. मी कान गिअरबॉक्सकडे लावले, डोळे समोरच्या काट्यांवर ठेवले, काही कळेना. मग वास नेमका कुठून येतोय म्हणून खाली वाकलो.

आणि पाहिलं. दोन पेडल, दोन पाय. उजवा ॲक्सिलरेटरवर, डावा ब्रेकवर. दोन्ही दाबलेले. दोन्ही एकाच वेळी!

"अहो, पाय काढा तो!" मी असा ओरडलो की शेजारून जाणारा सायकलवाला उतरून उभा राहिला. "ब्रेक दाबून गाडी चालवताय? तेल जळेल नाही तर काय! त्या पायाला इथे काही काम नाही!"

सासूबाईंनी गाडी कडेला घेतली. मी घामाघूम. सासूवर ओरडलो होतो, तेही भर रस्त्यात.

"काम नाही कसं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "जन्मभर दोन्ही पायांनी मशीन चालवलं. जुन्या गाडीत त्याला क्लच होता. इथे रिकामा बसायला लागला, म्हणून ब्रेकवर ठेवला. तयारीत असलेला बरा." मग इंजिन बंद करून म्हणाल्या, "म्हणजे गिअरबॉक्स चांगला आहे?"

"एकदम."

"आणि मीच बिघडलेय."

"छे हो, आई. पाय तेवढा चुकतोय."

"दादाला हे सांगू नका. गाडी बिघडली तर तो गाडी काढून घेईल. मी बिघडले म्हटलं तर कुठल्याच गाडीची किल्ली हाती ठेवणार नाही."

खरंच होतं ते. मी त्यांना डावा पाय सीटवर दुमडून घ्यायला सांगितलं. कापड बेततात तेव्हा त्या जमिनीवर तशाच बसतात. गाडी सरसर चढावर गेली. सासूबाई पोरीसारख्या हसल्या आणि आम्ही अख्खी टेकडी चढून उतरलो.

गॅरेजात दादा वाट बघत होते. "काय झालं होतं?"

"तेल," मी म्हटलं. "तेल जळत होतं. आता नाही जळणार." यात खोटं काहीच नव्हतं, तरी माझे कान तापले.

दादांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "चल, मी शेजारी बसतो," ते म्हणाले.

दोघं निघून गेले आणि मी एकच नट तीनदा घट्ट करून तीनदा सैल केला. बायकोचा फोन आला, तोही उचलला नाही. गाडी परत आली तेव्हा दादा समोर बघत बसले होते. उतरले नाहीत.

"आईनं सगळं सांगितलं," ते काच खाली करून म्हणाले. "पायाचंही. लपवून ठेवणं तिलाच जमेना." झालं! मी मान खाली घातली.

"मी गाडी दिली तेव्हा नुसती किल्ली हातात ठेवली आणि गेलो," दादा पुढे म्हणाले. "एक फेरी शेजारी बसलो असतो तर त्याच दिवशी दिसलं असतं." मग ते आईकडे वळले, आणि त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "खोली रंगवून घेतलीय गं तुझ्यासाठी. तुझा आवडता पिवळा. मला वाटलं, गाडी गेली की तू येशील."

सासूबाईंनी डावा पाय नीट दुमडून घेतला आणि दादांच्या पाठीत एक धपाटा घातला.

"अरे वेड्या, गाडी चालली तरच येईन ना मी तुझ्याकडे! बसच्या धक्क्यात का येणार आहे या वयात? चल, पट्टा लाव. आधी गिऱ्हाइकांचे कपडे पोचवू, मग तुझी खोली बघू."

आणि दादांना घेऊनच त्यांनी गाडी बाहेर काढली.