हाकेचं नाव

"हे बोट कुणी बसवलं गं?"

डॉक्टरने गोलरक्षक मुलीचा हात टेबलावरून आपल्याकडे ओढून घेतला आणि करंगळी दिव्याखाली धरली. शेवटचं पेर बाहेरच्या बाजूला चांगलंच कललं होतं.

"मीच. सामना चालू होता ना. ओढलं आणि परत उभी राहिले."

"दिसतंच आहे. दुसऱ्या कुणी बसवलं असतं तर त्याची पदवी काढून घेतली असती मी."

मुलगी हसली. समोरच्या खुर्चीतल्या नटीने लगेच आपला खांदा पुढे केला.

"मग हाही बघून टाका. फी मात्र देणार नाही. नाव एकच आहे, घरचंच समजा."

निवेदिकेने ओठांवर बोट ठेवलं. काचेपलीकडच्या माणसाने हात वर केला होता. लाल दिवा लागायला अजून थोडा अवकाश होता.

रेडिओवरच्या या कार्यक्रमाची कल्पना निवेदिकेची. एकच नाव असलेल्या आणि आपापल्या कामात नाव काढलेल्या चौघींना एका टेबलाभोवती बसवायचं आणि तासभर बोलतं करायचं. नावही असं साधं, की कुठल्याही वर्गात दोघीतिघी सापडाव्यात. गेल्या वर्षी अंतिम सामना वाचवणारी ही मुलगी, दुर्बिणीपाशी उभं आयुष्य काढलेल्या खगोलशास्त्रज्ञ बाई, नुसती दारात येऊन उभी राहिली तरी लोक हसायला लागतात अशी नटी, आणि हाडांची डॉक्टर. डॉक्टर आली होती ती गुडघ्याच्या ओळखीने. निवेदिकेच्या वडिलांचा गुडघा तिने बदलला होता, आणि पेशंटच्या मुलीला तोंडावर नाही म्हणणं तिला जमलं नव्हतं. येताना एवढंच म्हणाली होती, "नाव कुणी ठेवलं ते मला विचारू नका. बाकी काय हवं ते विचारा." घरी आई रेडिओ लावून बसणार होती.

डॉक्टरच्या आधी त्या घरात एक मुलगी होऊन गेली होती. तिचं नावही हेच. ती तापाने गेली, पुढे ही जन्मली, आणि तेच नाव हिला मिळालं. आई याबद्दल कधी अवाक्षर बोलली नाही. शाळकरी वयात ते आत्याकडून कळलं, तेही आत्या दुसऱ्याच कुणाशी बोलत असताना. तेव्हापासून एक प्रश्न तिच्या मानगुटीवर बसला तो बसलाच. आई हाक मारते, ती नक्की कुणाला? पहिला नंबर आला, पदक मिळालं, दवाखान्यावर पाटी लागली, तरी ते नाव तिला मोठ्या बहिणीच्या फ्रॉकसारखं वाटत राहिलं, खांद्यावरून सारखं घसरणारं. आता ती साठीला टेकली होती आणि आईने पंच्याऐंशी ओलांडली होती. रोज दुसऱ्यांची हाडं कापणाऱ्या या बाईला आपल्या आईला एक प्रश्न विचारायचं धाडस होत नव्हतं. आई गेली की तो तसाच राहून जाईल, ही भीती अलीकडे तिला भर ओपीडीतसुद्धा गाठायची.

लाल दिवा लागला. निवेदिकेने गोड आवाजात चौघींची ओळख करून दिली आणि पहिला प्रश्न खगोलशास्त्रज्ञ बाईंना टाकला. हे नाव तुम्हाला कुणी दिलं?

"भांडणाने," बाई म्हणाल्या. "दोन आत्या होत्या मला. एकीने सुचवलेलं दुसरीला चालेना, दुसरीचं पहिलीला. शेवटी दोघींनाही सारखंच नावडतं असं एक नाव निघालं. ते हे."

गोलरक्षक मुलीच्या वडिलांनी मुलगाच होणार असं धरून मुलाचं नाव तयार ठेवलं होतं. ते ऐनवेळी कामाला येईना, तेव्हा दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईने आपलं नाव देऊन टाकलं, उसनी साखर द्यावी तसं. पण खरी कमाल नटीची. हे नाव तिचं नव्हतंच.

"माझं घरचं नाव एका राणीचं होतं हो! आणि कामं मिळायची मोलकरणीची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. म्हटलं, नावच बदलू, फुकटात होतंय. सगळ्यात साधं बघून हे उचललं."

"म्हणजे आमच्यात घुसखोर कोण, ते सापडलं," खगोलशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या.

सगळ्याजणी मनमोकळं हसल्या. त्या हसण्याच्या भरात नटी वळली. बिचारीला अटीबिटीचं काहीच ठाऊक नव्हतं.

"आणि डॉक्टरबाई, तुमचं काय? तुम्हाला कुणी दिलं?"

निवेदिकेने जीभ चावली आणि घाईने पुढचा कागद उचलला. डॉक्टरकडे या प्रश्नाचं एक ठेवणीतलं उत्तर होतं. 'घरात होतंच, वापरलं.' लोक हसायचे आणि विषय संपायचा. तिने तोंडही उघडलं तेवढ्याचसाठी.

"माझ्याआधी ते माझ्या बहिणीचं होतं," ती म्हणाली. "ती चार वर्षांची असताना गेली. मग मी झाले."

गोलरक्षक मुलीने विचारलं, "जड नाही गेलं?"

"गेलं. अजून जातं."

"आमच्याकडे जर्सीचा नंबर असाच मिळतो," मुलगी हळूच म्हणाली. "माझा ज्या ताईचा होता, ती फार भारी खेळायची. पहिलं वर्षभर लोक तिच्याच नावाने ओरडायचे."

"मग?"

"मग काय. गोल तर मलाच अडवायचे होते."

निवेदिकेने चटकन एक गाणं लावलं. उरलेला कार्यक्रम बरा झाला असावा. डॉक्टरला त्यातलं काही आठवलं नाही. आपण सबंध गावासमोर आईची जखम उघडी केली, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं. नटीने निघताना तिचे दोन्ही हात धरले आणि काहीच विनोद केला नाही.

घरापाशी गाडी लावल्यावरही ती जरा वेळ आतच बसली. वर गेली तेव्हा आई जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत होती. रेडिओ बंद होता. डॉक्टरने पर्स ठेवली, हात धुतले, आणि समोर बसून एक शेंग उचलली.

"नटी छान बोलते," आई म्हणाली. "तुझा आवाज मात्र रेडिओवर फार जाड येतो."

"आई, मी ते बोलायला नको होतं."

"साडेतीन."

"काय?"

"साडेतीन वर्षांची होती ती. चार पुरी झाली नाहीत." आईने अंगठ्याने शेंग उघडली आणि दाणे वाटीत सोडले. "आणि तिचं नाव मी तुला ठेवलं नाही. तुला असं कुणी सांगितलं?"

"आत्या म्हणाली होती."

"तिला काय ठाऊक! ती आपल्याकडे राहायला आली तेव्हा तू चालायला लागली होतीस." आईने पुढची शेंग उचलली. "तुझं वेगळं नाव ठेवलं होतं आम्ही. चांगलं दोघांनी बसून ठरवलेलं. पण माझ्या तोंडात काही ते बसेना. उठवायचं झालं की तिचंच यायचं, दूध पाजायचं झालं की तिचंच. मग मी रडायची, स्वतःचा राग राग करायची. तुझे बाबा म्हणायचे, अगं, जरा नेटाने म्हण नवीन नाव, सवय होईल."

"मग?"

"मग मी नेटाने म्हणायला लागले. दिवसभर म्हणायची. तू रांगत होतीस तेव्हा. त्या नावाला तू ढुंकूनसुद्धा बघायची नाहीस. आणि चुकून तिचं तोंडातून गेलं की जिथे असशील तिथून मान वळवायचीस आणि हसत यायचीस, माझी चूक झाली हे तुला ठाऊकच नसल्यासारखी." आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हात चालूच होते. "तुझ्या त्या हसण्याने माझी सुटका झाली. शेवटी बाबाच म्हणाले, तिने घेतलंय ते नाव, आता तू का अडवतेस? शाळेतही मग तेच घातलं."

डॉक्टरच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. साठ वर्षं तिने जे दिलेलं समजून वागवलं, ते तिने स्वतः रांगत जाऊन घेतलं होतं. तिला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही आईला दिसू नये म्हणून तिने उगाच सालं गोळा केली.

"आणि माझं ठरवलेलं नाव काय होतं?" तिने विचारलं.

आई सांगायला गेली आणि तिचे ओठ अर्धवट उघडेच राहिले. तिने खिडकीकडे पाहिलं, मग छताकडे.

"थांब हं. छान होतं. छोटं होतं." ती पुटपुटत राहिली. "असं कसं झालं... त्याची आठवण असणारं आता कुणी राहिलंही नाही गं."

"असू दे."

"नाही पण, इतकं हौसेने ठेवलेलं," आई ओशाळून म्हणाली. मग वाटी उचलून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

डॉक्टर टेबलाशीच बसून राहिली. थोड्या वेळाने आतून हाक आली, तिच्या नावाने, नेहमीच्याच सुरात. ती उठली नाही. ओही दिली नाही. तिने आईला पुन्हा एकदा हाक मारू दिली, आपलं नाव नीट ऐकायला.